तटस्थतेच्या वाटेने युद्धापर्यंत : अमेरिका, १९१४ ते १९१७

७ नोव्हेंबर १९१६ रोजी अमेरिकन मतदारांनी वुड्रो विल्सन यांना दुसऱ्यांदा अध्यक्षपदी बसवलं, तेव्हा त्यांच्या पक्षाच्या प्रचारातला सर्वांत जोरकस दावा एकच होता : ‘या माणसाने आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं.’ लढत अटीतटीची झाली. रिपब्लिकन उमेदवार चार्ल्स इव्हान्स ह्यूज २५४ विरुद्ध २७७ असे निर्वाचक मतांत हरले, आणि कॅलिफोर्नियाचा कौल तर चार हजारांहून कमी मतांनी विल्सन यांच्याकडे झुकला. मतमोजणीला पाच महिनेही पुरते झाले नव्हते, तोच २ एप्रिल १९१७ च्या संध्याकाळी हेच विल्सन काँग्रेससमोर उभे राहिले आणि जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर करा असं म्हणाले. पुढच्या दीड वर्षात वीस लाख अमेरिकन सैनिक अटलांटिक ओलांडून फ्रान्समध्ये पोहोचले होते.

ज्या देशाने कधी युरोपच्या मातीत सैन्य उतरवलं नव्हतं, त्याचं हे असं कसं झालं? या प्रश्नावर शंभरहून अधिक वर्षं वाद चालू आहे. कोणी पाणबुड्यांकडे बोट दाखवतं, कोणी न्यूयॉर्कच्या सावकारांकडे, कोणी ब्रिटिशांच्या प्रचारयंत्रणेकडे, तर कोणी विल्सन यांच्या ध्येयवादाकडे. प्रत्येकाच्या हातात पुरावा आहे. पण हे सगळं साहित्य एकत्र वाचताना मला दोन गोष्टी ठळक दिसतात. अमेरिका युद्धाकडे गेली ती तटस्थतेचा मार्ग सोडून नव्हे, त्याच मार्गाने चालत. तटस्थ राष्ट्राचे म्हणून जे हक्क ती बजावत होती, त्यांनीच तिला तिथवर नेलं. आणि सामान्य अमेरिकन माणसाची युद्धाला जी संमती म्हणतात, ती बऱ्याच अंशी युद्ध जाहीर झाल्यानंतर तयार करण्यात आली.

युरोपच्या भांडणात पडायचं नाही, हा अमेरिकन राजकारणातला जुना दंडक. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपपत्रात तो सांगितला, जेफर्सन यांनी १८०१ मध्ये दुसऱ्यांच्या गुंत्यात अडकवणाऱ्या करारांपासून सावध केलं, मन्रो यांनी १८२३ मध्ये दोन्ही गोलार्धांचे मार्ग वेगळे असल्याचं जाहीर केलं. मात्र अमेरिकेने स्वतःला जगापासून कोंडून कधीच घेतलं नव्हतं. तिची जहाजं सगळ्या समुद्रांवर फिरत होती, आणि तटस्थ राष्ट्राला युद्धकाळातही व्यापार करण्याचा हक्क आहे, हा तिचा आग्रह स्वातंत्र्यापासूनचा होता. नेपोलियनच्या काळात ब्रिटन आणि फ्रान्स दोघांनीही हा हक्क पायदळी तुडवला आणि त्यातूनच १८१२ चं ब्रिटनविरुद्धचं युद्ध पेटलं. म्हणजे तटस्थतेच्या हक्कासाठी युद्धात उतरण्याचा प्रसंग या देशावर एकदा आधीच येऊन गेला होता. विल्सन स्वतः इतिहासाचे प्राध्यापक. त्यांना ही कथा पाठ होती.

ऑगस्ट १९१४ मध्ये युरोप पेटला तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या साधारण दहा कोटी होती. १९१० च्या जनगणनेनुसार तिच्यातला सुमारे एकतृतीयांश समाज एक तर परदेशात जन्मलेला होता किंवा आई-वडिलांपैकी किमान एकजण परदेशी असलेला. मिलवॉकी, सेंट लुइस, सिनसिनाटीत जर्मन भाषेतली वर्तमानपत्रं, जर्मन शाळा, जर्मन गायनमंडळं होती. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या आयरिश वस्त्यांत ब्रिटनविषयी प्रेम असण्याचं काही कारण नव्हतं. झारच्या राज्यातल्या हत्याकांडांतून पळून आलेल्या ज्यूंना रशियाचा विजय हवा असणं शक्यच नव्हतं. याउलट पूर्व किनाऱ्यावरचे वकील, बँकर, प्राध्यापक, संपादक यांची मुळं, पुस्तकं आणि मैत्र्या इंग्लंडशी जोडलेल्या. १९ ऑगस्टच्या निवेदनात विल्सन यांनी लोकांना कृतीत तर तटस्थ राहाच, पण विचारांतही निःपक्षपाती राहा असं सांगितलं, त्यामागे हे चित्र होतं. युरोपातली आघाडी आपल्या गल्लीबोळांत उघडू नये, ही त्यांची पहिली चिंता होती, आणि ती रास्त होती.

विचार आवरणं कठीणच. पण त्याहून कठीण निघाला बाजार. युद्धाच्या आदल्या वर्षी अमेरिकेत मंदी होती. ३१ जुलै १९१४ रोजी न्यूयॉर्कचा शेअरबाजार बंद करावा लागला आणि तो पूर्ववत सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. दक्षिणेत कापसाचं पीक तयार आणि युरोपचे गिऱ्हाईक गायब, अशी अवस्था. मग मित्रराष्ट्रांच्या, म्हणजे ब्रिटन, फ्रान्स आणि त्यांच्या साथीदारांच्या, मागण्या येऊ लागल्या : गहू, मांस, घोडे, तांबं, पोलाद, स्फोटकं, काडतुसं. कारखान्यांच्या चिमण्या पुन्हा धुरावल्या. १९१४ मध्ये मित्रराष्ट्रांना होणारी निर्यात सुमारे ८२ कोटी डॉलर होती. १९१६ मध्ये ती ३२० कोटींच्या आसपास गेली. त्याच काळात जर्मनी आणि ऑस्ट्रियाला होणारी निर्यात जवळजवळ १७ कोटींवरून नावापुरती उरली.

माल घेणाऱ्याला पैसाही लागतो. परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्स ब्रायन यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की युद्धनिषिद्ध मालांत पैसा सर्वांत वाईट, कारण बाकी सगळं त्याच्या हुकमतीत असतं. त्यांच्या आग्रहाने सरकारने युद्धमान राष्ट्रांना कर्ज देणं तटस्थतेच्या भावनेशी विसंगत ठरवलं. पण दोन-तीन महिन्यांतच उधारीला मुभा मिळाली. जानेवारी १९१५ मध्ये जे. पी. मॉर्गन ही पेढी ब्रिटनची अमेरिकेतली अधिकृत खरेदीदार झाली, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ब्रिटन-फ्रान्ससाठी ५० कोटी डॉलरचं जाहीर कर्ज उभं राहिलं. एप्रिल १९१७ पर्यंत मित्रराष्ट्रांना अमेरिकन भांडवलदारांनी दिलेलं कर्ज सव्वादोनशे कोटी डॉलरच्या घरात गेलं. जर्मनीच्या वाट्याला आलं तीन कोटींहूनही कमी. कोणी कट केला नव्हता. दार दोघांनाही उघडं होतं. फक्त दारापर्यंतचा समुद्र ब्रिटनच्या ताब्यात होता.

हा समुद्र हाच सगळ्या कथेचा गाभा. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटनने संपूर्ण उत्तर समुद्र युद्धक्षेत्र ठरवून त्यात सुरुंग पेरले. निषिद्ध मालाची यादी वाढत जाऊन तिच्यात अन्न आलं, १९१५ च्या ऑगस्टमध्ये कापूसही आला. तटस्थ जहाजं बंदरांत नेऊन झडती घेणं, टपाल फोडणं हे नित्याचं झालं. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कसोटीवर यातलं बरंच काही टिकणारं नव्हतं. वॉशिंग्टनने निषेधाचे खलिते पाठवले, पण त्यांना धार नव्हती. लंडनमधले अमेरिकन राजदूत वॉल्टर हाइन्स पेज तर मनाने ब्रिटनच्याच बाजूचे होते. जर्मनीकडे नाकेबंदी मोडण्याइतकं आरमार नव्हतं, होत्या पाणबुड्या. ४ फेब्रुवारी १९१५ ला तिने ब्रिटिश बेटांभोवतालचा समुद्र युद्धक्षेत्र म्हणून घोषित केला आणि तिथे आढळलेलं शत्रूचं व्यापारी जहाज इशारा न देता बुडवलं जाईल असं सांगितलं. सहाच दिवसांत विल्सन यांचं उत्तर गेलं : अमेरिकन जहाजाची किंवा माणसाची हानी झाली तर त्याचा जाब जर्मनीला कसून विचारला जाईल.

दोन युद्धमान पक्षांना लावलेली ही वेगवेगळी मापं टीकाकारांनी वारंवार दाखवली आहेत. मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. ब्रिटिश गस्तीने माल अडवला तर त्याची भरपाई नंतर करता येते, बुडालेला माणूस परत आणता येत नाही. हा फरक खरा आहे आणि विल्सन यांनी तो मानला यात ढोंग नव्हतं. पण नाकेबंदीनेही माणसं मरत होती, जर्मन शहरांतल्या भुकेने, सावकाश, आणि अमेरिकन वृत्तपत्रांच्या पहिल्या पानापासून दूर.

७ मे १९१५. लिव्हरपूलकडे निघालेलं ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ होतं. यू-२० या जर्मन पाणबुडीने एकच पाणतीर सोडला. पाठोपाठ आणखी एक स्फोट झाला आणि ते प्रचंड जहाज अठरा मिनिटांत तळाला गेलं. जवळजवळ बाराशे माणसं मेली, त्यात १२८ अमेरिकन. जहाज न्यूयॉर्कहून सुटलं त्या सकाळीच जर्मन वकिलातीची धोक्याची सूचना वृत्तपत्रांत छापून आली होती. जहाजाच्या पोटात चाळीस लाखांहून अधिक रायफलची काडतुसंही होती. आणि तरीही, एवढ्या संतापाच्या क्षणीसुद्धा, युद्धाची मागणी करणारे अमेरिकन मोजकेच निघाले. तीन दिवसांनी फिलाडेल्फियात विल्सन म्हणाले की एखादं राष्ट्र इतकं स्वाभिमानी असू शकतं की त्याला लढण्याची गरज वाटत नाही. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या वाक्यावर आग पाखडली, पण देशाचा मोठा भाग विल्सन यांच्याच बाजूला होता.

खरी फूट मंत्रिमंडळात पडली. ब्रायन यांचं म्हणणं साधं होतं : अमेरिकन नागरिकांनी युद्धमान राष्ट्रांच्या जहाजांवरून प्रवास करू नये, दारूगोळा वाहणाऱ्या जहाजाला प्रवाशांची ढाल करू देऊ नये, आणि जर्मनीला जाब विचारायचा तर ब्रिटनलाही विचारावा. विल्सन यांना हे मान्य नव्हतं. त्यांचा दुसरा कडक खलिता जाण्यापूर्वी, जून १९१५ मध्ये, ब्रायन यांनी राजीनामा दिला. तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढलेला, शेतकऱ्यांच्या मनातला हा पुढारी त्या काळी हेटाळणीचा विषय झाला. मला मात्र वाटतं की या तीन वर्षांत तटस्थतेचा अर्थ शेवटपर्यंत जाऊन विचारात घेणारा मंत्रिमंडळातला माणूस तोच होता. त्याच्या जागी आलेले रॉबर्ट लॅन्सिंग यांना मित्रराष्ट्रांचा विजय हवा होता.

हाच मुद्दा १९१६ च्या सुरुवातीला काँग्रेसमध्ये पुन्हा उठला. सिनेटर गोर आणि प्रतिनिधी मॅकलेमोर यांनी सशस्त्र व्यापारी जहाजांवरून अमेरिकनांनी प्रवास करू नये अशा आशयाचे ठराव आणले, आणि ते संमत होतील अशी चिन्हंही दिसू लागली. विल्सन यांनी सगळं वजन टाकून ते हाणून पाडले. त्यांचा युक्तिवाद असा की एक हक्क सोडला की दुसरा सोडावा लागतो आणि मग आंतरराष्ट्रीय कायद्याची सगळी वीणच उसवते. मार्चमध्ये ‘ससेक्स’ या प्रवासी बोटीवर हल्ला झाला, विल्सन यांनी संबंध तोडण्याची धमकी दिली आणि ४ मे रोजी जर्मनीने इशारा दिल्याशिवाय व्यापारी जहाजं न बुडवण्याचं वचन दिलं. मुत्सद्देगिरीचा मोठा विजय म्हणून त्याचं कौतुक झालं. पण या विजयात एक धोका दडला होता. अमेरिका युद्धात पडणार की नाही, हा निर्णय आता बर्लिनच्या हातात गेला होता; वचन मोडलं की विल्सन यांच्यासमोर माघारीची जागा उरत नव्हती.

इकडे देशात दोन चळवळी समोरासमोर उभ्या होत्या. शांततावाद्यांना पाठ्यपुस्तकांत दोन ओळी मिळतात, पण त्यांची ताकद मोठी होती. शिकागोच्या वस्तीत गरिबांसाठी हल हाउस चालवणाऱ्या जेन ॲडम्स यांनी जानेवारी १९१५ मध्ये महिला शांतता पक्ष स्थापन केला, आणि एप्रिलमध्ये लढणाऱ्या व तटस्थ देशांतल्या स्त्रियांच्या द हेगमधल्या परिषदेचं अध्यक्षपद सांभाळलं. हेन्री फोर्ड यांनी डिसेंबर १९१५ मध्ये शांततेची मोहीम घेऊन एक जहाज युरोपला नेलं; वृत्तपत्रांनी त्याची टर उडवली. समाजवादी, अनेक कामगार संघटना, मध्य-पश्चिमेचे शेतकरी, दक्षिणेतले काँग्रेस सदस्य हे सगळे युद्धसज्जतेच्या विरोधात होते. हे श्रीमंतांचं युद्ध आहे आणि त्यात मुलं गरिबांची जातील, ही भावना खेड्यापाड्यांत खोल होती.

दुसऱ्या बाजूला ‘सज्जते’ची चळवळ. तिचे अध्वर्यू थिओडोर रूझवेल्ट आणि जनरल लेनर्ड वुड. न्यूयॉर्क राज्यात प्लॅट्सबर्गला १९१५ च्या उन्हाळ्यात वकील, व्यापारी, महाविद्यालयीन तरुण स्वखर्चाने लष्करी कवायत शिकायला जमले. १९१६ मध्ये शहराशहरांतून सज्जतेचे मोर्चे निघाले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोर्चात जुलैमध्ये बाँब फुटून दहाजण मेले. विल्सन आधी या चळवळीपासून अंतर राखून होते. नंतर त्यांनी तिचा बराचसा कार्यक्रम उचलला : त्या वर्षी सैन्य आणि नॅशनल गार्ड वाढवणारा कायदा झाला, आरमारासाठी मोठी तरतूद झाली. जर्मन हेरांच्या उद्योगांनी या वातावरणाला खतपाणी घातलं. जर्मन वकिलातीतले लष्करी प्रतिनिधी फ्रान्झ फॉन पापेन यांना डिसेंबर १९१५ मध्ये देशाबाहेर काढण्यात आलं, आणि ३० जुलै १९१६ च्या रात्री न्यूयॉर्कच्या बंदरातला ब्लॅक टॉम हा दारूगोळ्याचा धक्का इतक्या जोराने उडाला की स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यालाही इजा झाली.

याच संदर्भात आपल्याकडच्या काही माणसांचा इतिहास या तटस्थतेशी येऊन भिडतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, भारताच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या गदर चळवळीत होते. पिंगळे भारतात परतले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये कर्तारसिंग सराभा यांच्यासह लाहोरला फाशी गेले. गदरवाल्यांसाठी जर्मन पैशाने घेतलेल्या रायफली ‘ॲनी लार्सन’ या शिडाच्या जहाजावर चढल्या, पण त्या भारतात पोहोचल्याच नाहीत. जून १९१५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बंदरात ते जहाज जप्त झालं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत भारतीय क्रांतिकारक आणि जर्मन वकिलातीच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, तो अमेरिकेची तटस्थता भंग केल्याबद्दल. कायद्याने फरक होता : सार्वभौम सरकारला माल विकणं वैध, मित्रदेशाविरुद्ध लष्करी मोहीम आपल्या भूमीवरून काढणं अवैध. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की ब्रिटनच्या नावे मॉर्गनच्या पेढीने लाखो रायफली घेतल्या तरी तटस्थतेला धक्का लागत नव्हता, आणि ब्रिटनच्या गुलामीतल्या लोकांसाठी एक जहाज निघालं की लागत होता. खटला सुरू झाला नोव्हेंबर १९१७ मध्ये, म्हणजे अमेरिका स्वतः युद्धात उतरल्यावर.

असं असूनही १९१६ च्या उत्तरार्धात अमेरिका ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरेलच असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकलं नसतं. एप्रिलमधल्या डब्लिनच्या उठावानंतर ब्रिटनने आयरिश नेत्यांना गोळ्या घातल्या, त्याचा अमेरिकेत संताप होता. जुलैमध्ये ब्रिटनने अमेरिकन व्यापारी संस्थांची काळी यादी काढली आणि विल्सन मनातून भडकले. मित्रराष्ट्रांचं गहाण ठेवण्याजोगं सोनं आणि रोखे संपत आले होते. अशा वेळी, नोव्हेंबरच्या अखेरीस, फेडरल रिझर्व्ह मंडळाने अमेरिकन बँकांना तारणाशिवाय परदेशी सरकारांना कर्ज देऊ नका असा जाहीर इशारा दिला, आणि तो विल्सन यांच्या संमतीने कडक करण्यात आला होता. सावकारांनीच अमेरिकेला युद्धात ढकललं, या सिद्धान्ताला माझ्या मते इथे मोठं भगदाड पडतं. आणखी काही महिने जर्मनी स्वस्थ बसली असती, तर ब्रिटनची खरेदी पैशाअभावी आकसली असती.

जर्मनी स्वस्थ बसली नाही. ९ जानेवारी १९१७ रोजी सिलेशियातल्या प्लेस इथल्या कैसरच्या बैठकीत निर्बंधमुक्त पाणबुडीयुद्धाचा निर्णय झाला. आरमारप्रमुख होल्ट्सेन्डॉर्फ यांचा हिशेब तयार होता : महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवली की पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल. अमेरिका युद्धात येईल हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पण तिचं सैन्य सव्वा लाखांच्या आसपास. त्यातल्या कितीतरी तुकड्या जनरल पर्शिंग यांच्याबरोबर मेक्सिकोत पांचो व्हिया या बंडखोराच्या मागे धावत होत्या आणि तोही त्यांच्या हाती लागत नव्हता. असा देश समुद्र ओलांडून वेळेत येऊन करणार काय? चॅन्सलर बेथमान-होलवेग यांना धोका दिसत होता. पण त्यांनी विरोध सोडून दिला. मूळ हिशेब फार चुकला नव्हता : एप्रिलमध्ये बुडवलेल्या जहाजांचा आकडा आठ लाख टनांच्या वर गेला. चुकला तो ब्रिटन किती सोसेल याचा आणि अमेरिका किती वेगाने उभी राहील याचा अंदाज.

या निर्णयाचा पत्ता नसलेले विल्सन २२ जानेवारीला सिनेटमध्ये ‘विजयाविना शांतता’ मागत होते. त्यांच्या साऱ्या भाषणांत मला हे सर्वांत थोर वाटतं. हरलेल्यावर लादलेला तह वाळूवर उभा राहतो, असं ते म्हणाले. व्हर्सायच्या तहाने पुढे ते खरं करून दाखवलं. नऊ दिवसांनी जर्मन राजदूताने नव्या धोरणाची सूचना आणून दिली. ३ फेब्रुवारीला राजनैतिक संबंध तुटले. तरीही विल्सन थांबले, आणि हे थांबणं दोन महिन्यांचं होतं. जर्मनी बोलते तसं करणार नाही, अशी आशा त्यांनी जाहीरपणे व्यक्त केली.

मग आली झिमरमान यांची तार. जर्मन परराष्ट्रमंत्र्यांनी मेक्सिकोतल्या वकिलाला कळवलं होतं की अमेरिकेशी युद्ध झालं तर मेक्सिकोशी मैत्रीचा करार करावा. मोबदल्यात टेक्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना हा गमावलेला मुलूख परत मिळवण्यास जर्मनीची संमती राहील. शांततेच्या वाटाघाटींसाठी विल्सन यांनी जर्मनीला स्वतःची राजनैतिक तारसेवा वापरू दिली होती, आणि याच सेवेतून हा संदेश धाडण्यात आला. ब्रिटिश आरमाराच्या गुप्तलिपी खात्याने तो वाटेत टिपला, उलगडला, योग्य वेळेची वाट पाहिली आणि २३ फेब्रुवारीला अमेरिकन राजदूताच्या हाती ठेवला. १ मार्चला तो वृत्तपत्रांत झळकला. ही बनावट आहे असं जर्मनीचे हितचिंतक ओरडत असतानाच, ३ मार्चला झिमरमान यांनी स्वतः ती आपलीच असल्याची कबुली दिली. युरोपातलं युद्ध ज्यांना दूरचं वाटत होतं त्या नैर्ऋत्येतल्या लोकांनाही ते आता उंबऱ्यापाशी दिसू लागलं. तरी या तारेला सगळं श्रेय देणं अतिशयोक्तीचं ठरेल. ती छापून आल्यानंतरही व्यापारी जहाजांना शस्त्रं देण्याचं विधेयक ला फॉलेट, नॉरिस यांसारख्या सिनेटरांनी अधिवेशन संपेपर्यंत भाषणं लांबवून अडवलं. विल्सन यांनी त्यांना हट्टी माणसांचं टोळकं म्हटलं आणि स्वतःच्या अधिकारात जहाजं सशस्त्र केली.

मार्चच्या मध्यात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. झारने राजत्याग केला, त्यामुळे मित्रराष्ट्रांच्या पंगतीत बसलेली हुकूमशाही नाहीशी झाली. आणि १८ तारखेला तीन अमेरिकन जहाजं बुडाल्याची बातमी आली. २० मार्चला मंत्रिमंडळाने एकमुखाने युद्धाचा कौल दिला. विल्सन यांचं मन नेमकं केव्हा वळलं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण फेब्रुवारीअखेर भेटायला आलेल्या जेन ॲडम्स यांना ते म्हणाले होते की लढणाऱ्या राष्ट्राच्या प्रमुखाला शांतता परिषदेत खुर्ची मिळेल. तटस्थाला दाराच्या फटीतून ओरडावं लागेल. मला त्यांच्या निर्णयाची किल्ली इथे दिसते. युद्धाविषयी त्यांना खरा तिटकारा होता. युद्धानंतरचं जग घडवण्याची आकांक्षा त्या तिटकाऱ्याहून मोठी ठरली.

२ एप्रिलच्या भाषणात त्यांनी जग लोकशाहीसाठी सुरक्षित करण्याचं ध्येय मांडलं. त्या शब्दांची हाक दूरवर पोहोचली. लोकमान्य टिळकांनी १९१९ मध्ये विल्सन यांना पत्र लिहून भारताच्या स्वयंनिर्णयाची मागणी केली ती याच आशेवर. सिनेटने ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधिगृहाने ३७३ विरुद्ध ५० मतांनी युद्धाला मंजुरी दिली. विरोधी मतांत काँग्रेसमधल्या पहिल्या स्त्री सदस्य जेनेट रँकिन होत्या आणि विल्सन यांच्याच पक्षाचे सभागृहनेते क्लॉड किचिनही होते. नॉरिस म्हणाले की आपण अमेरिकन झेंड्यावर डॉलरची खूण उमटवायला निघालो आहोत. आणि एवढं होऊनही अमेरिका मित्रराष्ट्रांची ‘मित्र’ झाली नाही; ती स्वतःला ‘सहयोगी’ म्हणवून घेत राहिली.

प्रतिनिधिगृहातली ही पन्नास मतं म्हणजे देशातल्या मोठ्या अस्वस्थतेचं टोक होतं, हे सरकारला ठाऊक होतं. म्हणूनच पुढच्या काही आठवड्यांत जे घडलं ते मला युद्धघोषणेइतकंच महत्त्वाचं वाटतं. एप्रिलच्या मध्यात पत्रकार जॉर्ज क्रील यांच्या हाताखाली सार्वजनिक माहिती समिती निघाली. तिने भित्तिपत्रकं, चित्रपट, पुस्तिका यांचा पूर काढला आणि चित्रपटगृहांत रीळ बदलेपर्यंतच्या चार मिनिटांत युद्धाची महती सांगणारे सुमारे ७५ हजार वक्ते देशभर उभे केले. १८ मे रोजी सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. ५ जूनला एका दिवसात जवळजवळ एक कोटी तरुणांची नोंदणी झाली. युद्ध संपेपर्यंत २८ लाख जण सक्तीने सैन्यात आले. युद्धखर्चासाठी काढलेले लिबर्टी बाँड न घेणारा शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येऊ लागला.

पटवून भागलं नाही तिथे धाक आला. जून १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा आणि मे १९१८ ची राजद्रोहाची दुरुस्ती यांनी युद्धावरची टीकाच गुन्हा ठरवली. समाजवादी नेते युजीन डेब्ज यांना ओहायोत केलेल्या एका भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. शाळांतून जर्मन भाषा हद्दपार झाली, आणि इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलमध्ये एप्रिल १९१८ मध्ये जमावाने एका जर्मन स्थलांतरिताला झाडाला लटकवून मारलं. १९१४ मध्ये विल्सन ज्या फुटीला भीत होते, ती १९१७ मध्ये सरकारच्या आशीर्वादाने उघडी पडली. सुमारे पावणेचार लाख कृष्णवर्णीय सैनिकही वेगळ्या तुकड्यांत या लोकशाहीच्या युद्धात गेले, आणि परतले तेव्हा दक्षिणेतल्या त्यांच्या गावांत बहुतेकांना मत देता येत नव्हतं.

लढाईत अमेरिकेचा वाटा उशिरा आला आणि झपाट्याने वाढला. १९१८ च्या वसंतात कांतिन्यी आणि बेलो वूडच्या लढाया, मग शरदात म्यूज-आर्गोनची मोहीम. या शेवटच्या मोहिमेत बारा लाख अमेरिकन होते आणि सुमारे सव्वीस हजार तिथेच पडले. एकूण मृत एक लाख सोळा हजारांवर गेले. त्यात रोगाने, मुख्यतः इन्फ्लुएन्झाने मेलेले लढाईतल्या मृतांहून जास्त.

ज्या शांततेसाठी हे केलं, तिचा करार सिनेटनेच नाकारला. मग हिशेब मागायला सुरुवात झाली. १९३४ ते ३६ या काळात सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीने शस्त्रकारखानदार आणि बँकांची दप्तरं उघडली; वॉल्टर मिलिस यांचं ‘रोड टू वॉर’ १९३५ मध्ये घरोघर वाचलं गेलं. १९३७ मध्ये गॅलपच्या चाचणीत दहांपैकी सात अमेरिकनांनी त्या युद्धात उतरणं चूक होती असं सांगितलं. पुढे हिटलरच्या काळात पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी नवी मांडणी केली की अटलांटिकवर ब्रिटनचं वर्चस्व टिकणं हीच अमेरिकेची खरी सुरक्षा होती. विचार वजनदार आहे, पण १९१७ मध्ये विल्सन यांनी तसं म्हटल्याचं फारसं दिसत नाही. जर्मन कागदपत्रं खुली झाल्यावर अर्नेस्ट मे यांच्यासारख्या इतिहासकारांनी बर्लिनमधल्या निर्णयप्रक्रियेला मध्यभागी आणलं, आणि अलीकडे मायकेल काझिन यांनी युद्धविरोधी चळवळीला तिचं हक्काचं स्थान मिळवून दिलं.

१९३० च्या दशकातल्या काँग्रेसने मात्र इतिहासकारांची वाट पाहिली नाही. तिने १९१५ ची एकेक फट शोधून बुजवली. १९३५ च्या तटस्थता कायद्याने युद्धमान राष्ट्रांना शस्त्रविक्री बंद केली, १९३६ मध्ये कर्ज बंद झालं, १९३७ मध्ये अमेरिकनांना त्यांच्या जहाजांवरून प्रवासाची मनाई झाली. ब्रायन यांनी मागितलेलं जवळपास सगळं वीस वर्षांनी कायद्यात उतरलं. राहिली होती त्यांची आणखी एक मागणी, फेब्रुवारी १९१७ मधली : युद्धाचा प्रश्न थेट जनतेच्या मताला टाका. इंडियानाचे प्रतिनिधी लुई लडलो यांनी तीही घटनादुरुस्तीच्या रूपाने आणली. देशावर हल्ला झाल्याचा अपवाद सोडून, सार्वमताशिवाय युद्ध नाही, असा तिचा आशय होता. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तिला उघड विरोध केला. १० जानेवारी १९३८ रोजी ती चर्चेला घ्यावी की नाही यावर प्रतिनिधिगृहात मतदान झालं आणि १८८ विरुद्ध २०९ मतांनी ती मागे पडली.